आठ महिने, दोन मोडेम आणि एक नऊ-झिरो-नऊ

गेल्या रविवारी रात्री साडेनऊला पांढऱ्या मोडेमचा अडॅप्टर गेला. धूर नाही, वास नाही. दिवे विझले आणि दोन्ही खोल्यांतले स्क्रीन जागच्या जागी थिजले. डूम या गोळीबाराच्या खेळात मी अकरा, दादा चौदा. आतल्या खोलीतून आवाज आला, "हरायला लागलास की वायर ओढायची सवय अजून गेली नाही तुझी!" पन्नाशीला टेकलेला माणूस आहे, पण जीभ नववीतलीच.

तर जुन्या मोडेमवरून डूम खेळण्याचा हा अनुभव लिहायला निमित्त त्या अडॅप्टरचं. वापर मात्र दिवाळीपासूनचा, म्हणजे आठ महिन्यांचा आहे.

मांडणी सांगतो. दोन जुने पेंटियम पीसी, दोन्हींवर डॉस, म्हणजे विंडोजच्या आधीची प्रणाली. पीसीची माहिती आवाजात बदलून फोनच्या तारेवरून पाठवणारे, बाहेर ठेवायचे दोन सिरियल मोडेम, सेकंदाला ३३.६ किलोबिटचे. पांढरा पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी अडीचशेला मिळाला, अडॅप्टरशिवाय. काळा एका गृहस्थांनी माळा आवरताना चारशेला दिला, अडॅप्टरसकट. मध्ये दोन पोर्टांचा एटीए, सेकंडहँड, अठराशे. म्हणजे इंटरनेटवरून फोन करायची ती डबी. तिच्या एका पोर्टावरून दुसऱ्या पोर्टाला फोन लावता येतो. घरात लँडलाईन उरलेली नाही, त्यामुळे एक्स्चेंज म्हणजे तीच. खेळ डूम, समोरासमोर, दोघंच.

हे सगळं कशासाठी, तर २००० साली आमचं राहून गेलं म्हणून. तेव्हा दादा हॉस्टेलला नव्हता गेला आणि दोन गल्ल्या सोडून त्याच्या मित्राकडे मोडेम होता. तीन मिनिटांचा एक कॉल, वरच्या स्लॅबला एक रुपया वीस पैसे. तासाचे वीस कॉल, म्हणजे चोवीस रुपये. दोन महिन्यांचं बिल आलं त्या दिवशी बाबांनी काही न बोलता फोनला कुलूप लावलं. डायलच्या फोनला लावायचं ते नाही, लाकडी पेटीचं. मोडेमची वायर पेटीच्या आत राहिली.

आता अडॅप्टर. पहिले दोन आठवडे मी खेळलोच नाही, अडॅप्टर शोधत होतो. पांढऱ्याच्या पोटावर लिहिलंय: नऊ व्होल्ट, एक अँपिअर, एसी. शेवटची दोन अक्षरं मी वाचली नाहीत. घरातला राउटरचा नऊ व्होल्टचा जोडला. एक दिवा लागला, बाकीचे नाहीत. एटी, म्हणजे मोडेमला मारायची हाक (त्याची प्रत्येक आज्ञा तिनेच सुरू होते), टाईप केली की उत्तर नाही. मला वाटलं मोडेम मेलेला, अडीचशे रुपये बुडाले. मग भिंग लावून ती दोन अक्षरं वाचली. सिरियल पोर्टाला अधिक आणि उणे असे दोन्ही व्होल्टेज लागतात. एसी आत घेतला की लाटेचा वरचा अर्धा भाग इकडे, खालचा अर्धा तिकडे, दोन्ही स्वस्तात मिळतात. डीसी दिलात तर एकच बाजू मिळते. कंपनीने दहा पैसे वाचवले आणि पंचवीस वर्षांनी त्याची किंमत मी भरली.

बुधवार पेठेत, तपकीर गल्लीत, पाच दुकानं फिरलो. "नऊ व्होल्ट एसी द्या" म्हटलं की समोरचा डीसी काढून देतो. "एसी," म्हटलं की म्हणतो, "साहेब, एसी भिंतीत असतो." सहाव्या दुकानात एका म्हाताऱ्या काकांनी वर न बघता विचारलं, "नऊ-झिरो-नऊ चालेल का? झिरो आणि एका बाजूचं नऊ घ्या, दुसरं नऊ टेप लावून सोडून द्या." एक अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, वायर आणि पिन. एकशे ऐंशी रुपये. प्लॅस्टिकच्या साबणाच्या डबीत बसवला. रविवारी गेला तो हाच, आणि चूक माझी: डबीला भोकं पाडली नव्हती, आतलं सोल्डरिंग सुटलं. दुरुस्तीला दहा मिनिटं लागली. तरीही सांगतो, जुना मोडेम घेताना आधी अडॅप्टर बघा, मग मोडेम. अडॅप्टरशिवायचा मोडेम म्हणजे किल्ली हरवलेलं कुलूप. वजनाने विकत घ्या.

बाजारातल्या आणखी दोन गोष्टी सांगतो, त्या अनुभवाने नाही, साध्या हिशोबाने. छप्पन्न के लिहिलेल्याला जास्त पैसे देऊ नका. छप्पन्नचा वेग मिळायला एक टोक थेट डिजिटल लाईनवर असावं लागतं, ते इंटरनेट कंपनीकडे असायचं. दोन घरगुती मोडेम एकमेकांशी ३३.६ च्या वर जात नाहीत. आणि कार्डाच्या रूपात आत बसणारे बरेच मोडेम विंडोजच्या जिवावर चालतात, डॉसमध्ये ते नुसता पत्रा.

मोडेम चालू झाले. पुढची अडचण नो डायलटोन. एटीएचा डायलटोन पांढऱ्याला ओळखीचा वाटेना. एटीएक्स३ ही आज्ञा दिली की तो टोनची वाट न बघता नंबर फिरवतो. दुसरी अडचण दादाच्या पीसीवर. त्याचा माऊस सिरियल, कॉम१ या पोर्टावर. मोडेम लावला कॉम३ वर. दोघांचा इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरचं लक्ष वेधायची लाईन, एकच, चार नंबरची. दादाने माऊस हलवला की खेळ गोठायचा. मोडेम कॉम२ वर नेला, संपलं.

मग खरं दुखणं सुरू झालं. खेळ चालायचा, पण धक्के खात. चार पावलं नीट, मग अर्धा सेकंद थांबा, मग तीन पावलं एकदम. यावर मी नाताळपर्यंतचे दिवस घालवले. वेग कमी पडतो असं वाटून मी तो वाढवत गेलो, तीच चूक. डूमचा सोर्स कोड १९९७ मध्ये खुला झालाय; त्यात मोजून पाहा. एका पॅकेटचं, म्हणजे एका वेळी पाठवायच्या पुडक्याचं, डोकं आठ बाइट, खेळाडूच्या एका हालचालीचे आठ बाइट. सेकंदाला पस्तीस वेळा. सहाशे बाइटांच्या आसपास. सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगावर ९६० बाइट जातात. म्हणजे ९६०० पुष्कळ झालं. दुखणं वेगाचं नव्हतं, थांबण्याचं होतं.

मोडेम मदत करायला जातो आणि तिथेच माशी शिंकते. एरर करेक्शन चालू असलं की तो बाइट गोळा करून, गाठोडं बांधून पाठवतो. एक गाठोडं खराब गेलं की तेच पुन्हा पाठवतो आणि मागचे सगळे खोळंबतात. फाईल उतरवताना हे देवासारखं. डूममध्ये मात्र दोन्ही यंत्रं एकाच तालात चालतात, समोरच्याची हालचाल आल्याशिवाय पुढचा टिक, म्हणजे खेळाचा पुढचा क्षण, नाही. एक गाठोडं अडलं की दोघंही अडले. शिवाय हरवलेलं पॅकेट डूम स्वतःच परत मागून घेतो. म्हणजे मोडेमने न सांगितलेलं काम केलं आणि मूळ कामाचा विचका.

तर पांढऱ्याला दिलं एटी&एम०&के०. एम शून्य म्हणजे एरर करेक्शन बंद, के शून्य म्हणजे कॉम्प्रेशन बंद. लोण्यासारखा चालेल म्हणून काळ्यालाही तेच दिलं. धक्के तसेच, वर नवीन गोंधळ. दोन संध्याकाळी गेल्यावर कळलं की काळ्यात रॉकवेलची चिप आहे आणि तिच्या घराण्यात &के० म्हणजे फ्लो कंट्रोल, म्हणजे पीसी आणि मोडेममधलं 'थांब, आता पाठव', बंद! तिथे एरर करेक्शनसाठी \एन० आणि कॉम्प्रेशनसाठी %सी० लागतं. अक्षर एक, अर्थ दोन. सख्ख्या भावांमध्येही इतका गैरसमज नसेल. ज्याने हे ठरवलं त्याला तपकीर गल्लीतून सहा दुकानं फिरवायला हवं.

आणखी एक. एरर करेक्शन बंद केलं की मोडेमच्या साठवणीवर भिस्त ठेवता येत नाही. त्यामुळे पोर्टाचा वेग आणि लाईनचा वेग एकच ठेवावा लागतो. दोन्हीकडे ९६०० बांधून टाकलं. त्या रात्री पहिल्यांदा डूम सरळ चालला. दादा बारा-चार जिंकला आणि बायको म्हणाली, "फॅक्स आलाय का कुणाचा?"

म्हणून जानेवारीत मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो की एटीएशिवाय हे होणार नाही, अठराशे रुपये सत्कारणी लागले. वर 'एक्स्चेंज म्हणजे तीच' असं लिहिलंय, ते खोडत नाही. पण मत बदललंय.

फेब्रुवारीपासून नो कॅरियर सुरू झालं. दहाबारा मिनिटं झाली की फोन तुटायचा, आणि तो नेमका मी पुढे असताना. एटीएमध्ये आवाज २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत जातो आणि मध्ये एक राखीव साठा असतो, तो स्वतःच्या मनाने लहान-मोठा होतो. माणूस बोलत असेल तर कळतही नाही. मोडेमला मात्र मधेच जमीन सरकल्यासारखं होतं आणि तो हात सोडतो. तो साठा पक्का केला, इको कॅन्सल बंद, सायलेन्स सप्रेशन बंद, कोडेक, म्हणजे आवाज आकड्यांत बदलायच्या पद्धती, जी.७११ सोडून बाकी सगळ्या काढल्या. फोन तुटणं थांबलं. पण साठा पक्का म्हणजे उशीरही पक्का. बंदूक दाबली की गोळी जरा वेळाने, चहा सांगितल्यावर यावा तशी.

आणि मार्चमध्ये एका दुपारी, एटीए बंद असताना, मी दोन मोडेमच्या मध्ये नुसती फोनची वायर टाकली. पंचवीस रुपयांची. एकावर एटीएक्स३डी, म्हणजे टोन नको, नंबर नको, समोर कुणी आहे असं समजून बोल. दुसऱ्यावर एटीए (ही आज्ञा, डबी नव्हे), म्हणजे घंटी वाजली असं समजून उचल. ते ओळखीचं किंचाळणं झालं आणि कनेक्ट ९६०० आलं. अठराशे रुपयांची डबी शेजारी दिवे बंद करून पडली होती. मी पाणी प्यायलो.

यात एक मेख आहे. डूमचं सेरसेटअप, म्हणजे मोडेमवरून खेळ जोडून देणारा प्रोग्राम, फोन उचलायला घंटीची वाट बघतं, आणि वायरीवर घंटी वाजत नाही. म्हणून आधी टेलिक्समधून (मोडेमला हाताने आज्ञा द्यायचा डॉसचा प्रोग्राम) जोडून घ्यायचं, मग टेलिक्समधून बाहेर पडून सेरसेटअपला डायल-आन्सर काहीही न सांगता चालू करायचं. त्याला वाटतं साधी सिरियल केबल आहे. पण टेलिक्स बंद करताना पोर्ट डीटीआर, म्हणजे 'पीसी हजर आहे' ही खूण, सोडतो आणि मोडेम फोन ठेवतो. त्यावर उपाय &डी०, म्हणजे त्या खुणेकडे लक्ष देऊ नको, दोन्हीकडे. पांढऱ्याला मागे डिप स्विच आहेत, तिथला पहिलाही हेच करतो. सगळे मोडेम वायरीवर असे बोलतात असं नाही. काहींना लाईनमध्ये करंट लागतो. माझे दोघं बोलले.

उशीर गेला. धक्के गेले. मार्चपासून एकदाही नो कॅरियर नाही, रविवारची रात्र सोडून.

दादाचा मुलगा मे महिन्यात सुट्टीला आला. त्याने वायर पाहिली, दोन मोडेम पाहिले, साबणाची डबी पाहिली. म्हणाला, "काका, दोन्ही पीसी एकाच घरात आहेत ना? मग मोडेम काढून सरळ केबल का नाही लावत?" बरोबर आहे त्याचं. दोन पीसी सरळ जोडणारी नल मोडेम केबल दीडशे रुपयांना मिळते, अडॅप्टर लागत नाही, एटी लागत नाही, किंचाळणं नाही. मी त्याला म्हटलं, "आइस्क्रीम आहे फ्रीजमध्ये."

एटीए विकायला काढलाय, पंधराशे, थोडं कमी-जास्त होईल. जोडीला सेटिंगचा कागदही देईन, माझ्या अक्षरात. काळ्याचा अडॅप्टरही परवापासून गरम लागतोय, त्यामुळे तसा एखादा पडून असेल तर कळवा. काळ्याचा डीसी आहे. हो, डीसी. त्यावर स्पष्ट मोठ्या अक्षरात लिहिलंय, मी दोनदा वाचलं.