टिपरच्या मागे रोजचा प्रवास आणि गाडीच्या तोंडावरची फिल्म: वापरानंतरचा अनुभव

गोव्यात साखळीहून कुंडईला रोज जा-ये करणाऱ्याच्या गाडीचं तोंड पाहिलं की ती किती चालली असेल हे विचारावं लागत नाही. आमोणे, खांडोळा, माशेल, बाणस्तारी. कधी खनिजाचा ट्रक, कधी खडीचा टिपर, पुढे कुणीतरी असतोच. 2018 च्या मार्चात खाणी थांबल्या तेव्हा रस्ता मोकळा वाटायचा. खाणींच्या लिलावांनंतर ट्रक परत दिसू लागले. ताडपत्री बांधलेली असते हो, पण मागच्या फाळक्याच्या फटीतून सांडायचं ते सांडतंच, आणि जोडटायरच्या मधे अडकलेला दगड ताडपत्रीला विचारून सुटत नाही.

म्हणून या वेळी गाडी घेतली तेव्हा पहिल्याच आठवड्यात पेंट प्रोटेक्शन फिल्म, म्हणजे सगळे पीपीएफ म्हणतात ती रंगावर चिकटवायची पारदर्शक प्लास्टिकची फिल्म, लावून घेतली. अख्ख्या गाडीचा भाव लाखाच्या घरात सांगितला, तो सोडला. बोनेट, बंपर, आरसे, पुढच्या चाकामागची दाराखालची पट्टी आणि मागच्या चाकाच्या कमानीचा पुढचा भाग, एवढंच केलं. फिल्म टीपीयूची, म्हणजे लवचिक पॉलियुरेथेनची घेतली. पीव्हीसीची स्वस्त मिळते, पण उन्हात ती पिवळी पडते आणि कडक होते. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये तर बघायलाच नको. सिरॅमिक कोटिंगवालेही मागे लागतात. ते कोटिंग जेमतेम काही मायक्रॉनचं, चकाकीला आणि धुवायला छान, दगडासमोर त्याचा उपयोग शून्य. फिल्म दीडशे-दोनशे मायक्रॉनची असते, म्हणजे कंपनीच्या सगळ्या रंगथरांपेक्षाही जाड.

पावसाळा सरला, उन्हाळाही गेला. बोनेटवर बघितलं तर नखाएवढी पांढरट चंद्रकोर दिसते, बोट फिरवलं की खड्डा लागतो. तशा एका ठिकाणची फिल्म फाटली होती. तो तुकडा बदलताना खालचा रंग पाहिला, शाबूत होता. बारीक ओरखडे उन्हात आपोआप भरून येतात, ही जाहिरात खरी निघाली. दगडाने कापलेली जागा मात्र भरत नाही, कुणी तसं सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

पण सगळ्यात जास्त मार बोनेटवर नाहीच. दाराखालची पट्टी आणि मागच्या चाकापुढची कमान यांची फिल्म अगदी खरवडून निघाली आहे, आणि तिथे दगड मारणारा टिपर नसून आपलंच पुढचं चाक आहे. त्यामुळे पैसे मोजकेच असतील तर आधी तिथे लावा, बरोबर चारही मडफ्लॅप बसवा. बंपर प्लास्टिकचा, तिथे टवका उडाला तर दिसायला वाईट, पण गंजणार काय? बोनेट आणि दाराखालचा पत्रा लोखंडी. आपल्या खाऱ्या, दमट हवेत उघडा पडलेला ठिपका चवथीपर्यंत तांबूस होतो.

तक्रार आहे ती कडांची. जिथे फिल्म संपते तिथे जांभ्याची तांबडी धूळ चिकटून पांढऱ्या गाडीवर कुंकवाची रेघ ओढल्यासारखी दिसते. मऊ ब्रश आणि शॅम्पूने निघते, पण दर आठवड्याला. अर्ध्या बोनेटला फिल्म लावणाऱ्यांना ही रेघ ऐन मधोमध मिळते. ज्यांनी बोनेटच्या कडा आत वळवून दिल्या त्यांचं काम उत्तम. बंपरच्या कोपऱ्यात मात्र घाई झाली होती, पहिल्या पावसातच टोक उचललं. विचारल्यावर फुकट लावून दिलं, पण दुसऱ्यांदा. प्रेशर वॉशवाल्याला नळी कडेपासून हातभर लांब धरायला सांगा.

काचेला यातलं काहीच वाचवत नाही. चोर्ला घाट चढून जांबोटीकडे जाताना तांदळाएवढा टवका उडाला होता. लगेच रेझिन भरून घेतलं म्हणून थांबला, नाहीतर उन्हात तापलेल्या काचेवर एसीचा झोत पडला की असल्या टवक्याची रेघ व्हायला वेळ लागत नाही.

परदेशात मोटरहोमच्या, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या मोठ्या गाडीच्या, मागे छोटी कार जोडून ओढत नेतात, त्यांना हेच दुखणं जास्त छळतं. मागची कार सदैव त्याच चार हातांवर, मागे सरकायची सोयच नाही. मग ते मोटरहोमच्या मागे रुंदीभर मडफ्लॅप किंवा ब्रशचा पडदा लावतात, नाहीतर ओढायच्या दांड्याला जाड कापडाची ढाल बांधतात. पुढची गाडी त्यांचीच, म्हणून दगड सुटतो तिथेच अडवता येतो. आपल्या पुढचा टिपर आपला नाही, पण मागे राहणं आपल्या हातात आहे. उडालेला दगड बहुतेकदा हवेत नुसता उसळलेला असतो, त्याच्यावर वेगाने जाऊन आदळतो ते आपण. साठऐवजी चाळीसने गेलो तर धडकेची ताकद निम्म्याहूनही कमी होते. आमोण्याच्या पुलावर ओव्हरटेकची घाई सोडून मी अंतर ठेवायला लागलो तेव्हापासून बोनेटवर नवीन चंद्रकोरी क्वचितच येतात, आणि मागून हॉर्न मात्र भरपूर ऐकू येतात.

पुढची गाडी घेतली तर बोनेट, दाराखालची पट्टी आणि कमानी यांनाच फिल्म लावीन. बंपरचे पैसे वाचवीन, त्यात दोनदा रंग होईल.