कानशिलावरचा डॉप्लर: चाचणी नेटकी, पॅकेज अवाजवी

आईला वयाच्या ७१ व्या वर्षी ओळखीच्यांची नावे आठवेनाशी झाली, म्हणून पुण्यातील एका तपासणी केंद्रात मेंदूच्या आरोग्याचे पॅकेज घेऊन तिची ट्रान्सक्रेनियल डॉप्लर चाचणी करून घेतली. केंद्राचे नाव मुद्दाम देत नाही. माझी तक्रार तेथील कर्मचाऱ्यांविषयी नसून त्या पॅकेजमध्ये दिल्या जाणाऱ्या भाकिताविषयी आहे.

१९८२ पासून प्रचलित असलेल्या या तंत्रात कानशिलाच्या पातळ हाडातून साधारण २ मेगाहर्ट्झच्या ध्वनिलहरी सोडून मेंदूच्या मोठ्या धमन्यांतील रक्ताचा वेग मोजतात. सुई नाही, किरणोत्सर्ग नाही, एमआरआयच्या बोगद्यातली घुसमटही नाही. उजवीकडे सिग्नल लगेच मिळाला, डावीकडे मात्र बराच वेळ प्रोब फिरवूनही मिळाला नाही. वयस्कर स्त्रियांत या हाडामुळे असे बऱ्याचदा घडते. तंत्रज्ञ बाईंनी ती जागा अंदाजाने न भरता ‘मापन होऊ शकले नाही’ असे स्पष्ट लिहिले, हे मला फार आवडले.

अहवालात रक्ताचा कमाल वेग सेकंदाला ९० सेंटिमीटर, किमान ३० आणि सरासरी ५० असा होता. कमाल-किमान वेगांतील फरकाला सरासरीने भागले की स्पंदनांक मिळतो. तो येथे १.२ आला, म्हणजे सर्वसाधारण मानल्या जाणाऱ्या ०.६ ते १.१ या मर्यादेच्या किंचित वर. हा अंक जितका मोठा, तितके रक्त धक्क्याधक्क्याने वाहते. तरुणपणी हृदयातून निघणारी महाधमनी प्रत्येक ठोक्याला ताणली जाऊन त्याचा जोर स्वतःत जिरवते आणि पुढे रक्त बरेचसे सलग वाहते. वयाने व उच्च रक्तदाबाने ती ताठर झाली, की तोच धक्का मेंदूतील नाजूक वाहिन्यांवर आदळू लागतो. इथवर अहवालाचे स्पष्टीकरण योग्य होते. त्याखाली मात्र ठळक अक्षरांत ‘स्मृतिभ्रंशाचा धोका: मध्यम’ असे छापले होते, आणि त्याचा आधार समुपदेशकाला सांगता आला नाही. एवढ्या एका आकड्यावरून कोणा एका माणसाचे भवितव्य सांगता येत नाही. शिवाय अतिसूक्ष्म वाहिन्या डॉप्लरच्या आवाक्याबाहेर आहेत. त्यांचे स्पंदन वयाबरोबर मेंदूच्या खोल श्वेतद्रव्यात (चेतातंतूंच्या भागात) वाढते, हे दाखवायला दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांना ७ टेस्लाचे, म्हणजे अतिशय शक्तिशाली चुंबकाचे, एमआरआय यंत्र लागले.

सर्वांत खटकले ते हे की, त्या दिवशी आईचा रक्तदाब कोणी मोजलाच नाही. घरी मोजला तेव्हा तो १६४/७२ भरला. दोन आकड्यांतला फरक ९२, जो एरवी ४० च्या आसपास असतो. म्हणजे धमन्यांच्या ताठरपणाची खूण दंडावरच्या पट्ट्यानेच दिली होती, आणि उच्च रक्तदाबावर औषध आहे. अमेरिकेत ९ हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या ‘स्प्रिंट माइंड’ चाचणीत (२०१९) वरचा रक्तदाब १२० च्या खाली आणण्याचे लक्ष्य ठेवलेल्या गटात सौम्य बौद्धिक घट कमी आढळली, स्मृतिभ्रंशातील घट मात्र संख्याशास्त्रीय कसोटीला उतरली नाही.

तंत्रज्ञांना पाचपैकी पाच तारे, पॅकेजला दोन. न्यूरोलॉजिस्टनी तो अहवाल चाळून बाजूला ठेवला, बी-१२ आणि थायरॉइडच्या रक्ततपासण्या लिहून दिल्या आणि पुढच्या भेटीला रक्तदाबाच्या रोजच्या नोंदींची वही आणायला सांगितले.