कॅमेरा भाड्याने देणाऱ्यांनो, आधी हे वाचा : माझे ४ लाख ७ हजार गेले

भाड्याने नेलेलं माझं अख्खं किट एकाने परत दिलंच नाही. आधी आकडे सांगतो, म्हणजे "असून असून किती गेलं असेल" हा प्रश्न मिटेल. सोनी ए७ फोर बॉडी, म्हणजे लेन्सशिवाय नुसता कॅमेरा, २,०५,०००. सिग्मा २४-७० लेन्स ८९,०००. ८५ एमएम लेन्स ४४,५००. गिंबल (कॅमेरा न हलता धरायचा दांडा) ४१,०००. गोडॉक्स एडी२०० प्रो फ्लॅश २७,५००. बेरीज ४,०७,०००. माझ्याकडे उरलं काय, तर डिपॉझिटचे १०,००० आणि भाड्यापोटी आगाऊ दिलेले ५,०००. बॉडीचा ११,३४० चा हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला अजून कटतोय. कॅमेरा कुणाच्या गळ्यात आहे माहीत नाही, हप्ता माझ्या गळ्यात आहे.

"ओळखपाळख नसताना दिलास कसा?" हे मला सगळ्यांनी विचारून झालंय. सासऱ्यांनी तर दोनदा. त्यांना लग्नाच्या फोटोग्राफीचा धंदा माहीत नाही, म्हणून सांगतो. २०२४ च्या मे-जूनमध्ये गुरू-शुक्राचा अस्त होता. ऐन उन्हाळी सराई कोरडी गेली. गौण मुहूर्तावर ज्यांनी उरकली त्यांनी उरकली, बाकीच्यांनी तारखा सरळ पुढे ढकलल्या. मग आषाढी एकादशीपासून चातुर्मास. तुळशीचं लग्न लागेपर्यंत साताऱ्यासारख्या गावात स्टुडिओत काय चालतं? पासपोर्ट फोटो, शाळेच्या आयकार्डांचे फोटो, मधूनच एखादं बारसं किंवा डोहाळजेवण. बँकेला चातुर्मास नसतो. म्हणून पावसाळ्यात किट भाड्याने द्यायचं, माझ्या ओळखीतले निम्मे फोटोग्राफर हेच करतात. आम्ही एकमेकांना बॉड्या, लेन्सा शब्दावर देत आलोय. एखाद्याचा फ्लॅश ऐन सप्तपदीला बंद पडला तर शेजारच्या कार्यालयातला फोटोग्राफर आपला काढून देतो, पावती मागत नाही. या सवयीवरच भामटे जगतात.

तर हा प्राणी. नाव सांगत नाही, कारण जे सांगितलं होतं ते त्याचं नव्हतंच. आमच्या भागातल्या फोटोग्राफरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर होता. कुणी अॅड केला, आजतागायत कुणी कबूल करत नाही. "दादा, तुमचं काम बघत असतो, जबरदस्त टोन असतात तुमचे." इन्स्टाग्रामवर पेज, ११ हजारांवर फॉलोअर, फोटो एक नंबर. पहिल्यांदा नुसती ८५ एमएम नेली, साखरपुड्यासाठी म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी परत, पुसून-बिसून, १,००० रुपये जीपे. नंतर लेन्स आणि फ्लॅश नेले. पुन्हा वेळेवर परत, ३,२०० जमा, वर "दादा, फ्लॅशची बॅटरी फुल चार्ज करून ठेवलीय." माझ्याच नेहमीच्या गिऱ्हाइकांनी कधी चार्ज करून दिलेली नाही. ही चाल जुनीच आहे, तुम्हाला वेगळी सांगायला नको. ४,२०० रुपयांत त्याने माझा विश्वास विकत घेतला.

ऑगस्टमध्ये फोन आला. वाईला तीन दिवसांचं प्री-वेडिंग, मेणवलीचा घाट, मग वरती पाचगणीच्या बाजूला धुक्यात. अख्खं किट पाहिजे. आता लगेच म्हणू नका की पावसाळ्यात कसलं प्री-वेडिंग. आमच्याकडे खरं प्री-वेडिंग पावसाळ्यातच होतं. हिरवे डोंगर, ढग, ठोसेघर, कास, पुण्या-मुंबईची जोडपी त्यासाठीच येतात. त्यात संशय घेण्यासारखं काही नव्हतं. ४,५०० रोज, तीन दिवसांचे १३,५००, त्यातले ५,००० आधी आणि १०,००० डिपॉझिट. आधार कार्डाची झेरॉक्स घेतली, मूळ कार्ड हातात घेऊन फोटो ताडून पाहिला. फोटो त्याचाच होता. यापेक्षा जास्त कुठला फोटोग्राफर बघतो, सांगा मला.

आता माल त्याच्या हातात देतानाच्या पाच मिनिटांबद्दल. काउंटरवर मी सगळं मांडलं. तुम्ही-आम्ही कॅमेरा हातात घेतला की पहिल्यांदा काय करतो? डोळ्याला लावतो. शटर अर्धं दाबून फोकस बघतो, लेन्स काढून सेन्सरवर धूळ आहे का ते उजेडाकडे धरून पाहतो, बॅटऱ्या किती, चार्जर कुठाय, कार्डं कोणती चालतात ते विचारतो. यानं यातलं एकही केलं नाही. बॉडी उलटीसुलटी करून ग्रिपचं, म्हणजे मुठीत धरायच्या भागाचं रबर बघितलं, कोपऱ्यावर कुठे घासलंय का त्यावर अंगठा फिरवला, तळाचा सिरियल नंबर वाचला. आणि म्हणाला, "दादा, बॉक्स आहे का? पाऊस लय आहे, गाडीवर जायचंय. बॉक्सच्या फोममध्ये सेफ राहील."

बॉक्स! शूटला जाणारा माणूस बॉक्स कशाला नेईल? माझी पाच हजारांची कॅमेरा बॅग रेनकव्हरसकट तिथं टेबलावर होती, ती तो नको म्हणाला. बॉक्स लागतो विकणाऱ्याला. बॉक्सवरचा नंबर आणि बॉडीवरचा नंबर जुळला की सेकंडहँडचा भाव सरळ वर जातो. वर आणखी एक: "बिलाचा फोटो टाकून ठेवा, वनखात्याची माणसं अडवतात कधीकधी." हे ऐकून माझ्या डोक्यात एकदा चमकलं होतं, खोटं नाही सांगत. पण त्याच वेळी दारात आयकार्ड फोटोसाठी एक शाळा उभी होती, चाळीसेक पोरं आणि दोन बाई, गलका. बाहेर पाऊस खरंच कोसळत होता. आणि वनखात्याचे लोक कासला अडवतात हेही खरंच. अशा वेळी कोण उलटतपासणी घेत बसतं? माळ्यावरून बॉडीचा आणि फ्लॅशचा बॉक्स मीच काढून दिला, धूळ झटकून. बिलाचा फोटो मीच पाठवला. नशीब कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड काढून घेतलं होतं, नाहीतर आदल्या दिवशीचं डोहाळजेवणही गेलं असतं आणि त्या घरच्यांनी मला उभा सोलला असता.

बॅगेत ट्रॅकर टाका असं आता सगळे सांगतात. टाका की. बॅग माझ्या टेबलावरच राहिली.

तिसऱ्या दिवशी रात्री "पाऊस लागलाय दादा, एक दिवस वाढवतो." चौथ्या दिवशी फोन बंद. वाईत ज्या लॉजचं नाव सांगितलं होतं तिथं त्या नावाचा माणूस उतरलाच नव्हता. मग डोकं चालवलं. त्याच्या पेजवरचे फोटो गूगल लेन्समध्ये टाकले, तर ते केरळातल्या एका फोटोग्राफरचे निघाले. दोन मिनिटांचं काम आहे, माल द्यायच्या आधी करा. आधारवरचा क्यूआर आधारच्याच अॅपने स्कॅन केला, त्यातून वेगळंच नाव आणि वेगळाच चेहरा आला. कार्डावर छापलेलं काहीही बदलता येतं, त्या क्यूआरमधल्या माहितीवर सरकारची डिजिटल सही असते, ती बदलता येत नाही. झेरॉक्स घेऊन फाइलला लावण्यात काही अर्थ नाही. समोर उभा करून स्कॅन करा, राग आला तर येऊ दे.

आता पोलीस.

ठाणे अंमलदारांनी पहिलाच प्रश्न विचारला, "चोरी झाली का तुम्ही दिला?" दिला म्हटल्यावर पेन खाली. "स्वतःच्या हाताने दिलाय ना? भाड्याचा व्यवहार आहे, दिवाणी बाब आहे, कोर्टात जावा." मी म्हटलं, साहेब, खोटं आधार दाखवून नेलाय. तर, "मग वाईला जावा, शूट तिकडं होतं ना." वाईवाले म्हणाले, व्यवहार साताऱ्यात झालाय, तिकडंच तक्रार द्या. सायबरला गेलो तर, "ऑनलाइन पैसे गेले का? नाही ना, आले ना उलट तुम्हाला? मग ही सायबरची केस नाही." ज्या यूपीआयवरून त्याचे पैसे आले त्या खात्याचं नाव बँकेला विचारलं, तर पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात पत्र द्यायला गुन्हा दाखल पाहिजे. गुन्हा का दाखल नाही, तर चौकशी चालू आहे. कसली चौकशी, कुणी करायची?

शेवटी एक अर्ज घेतला आणि त्यावर पोच मारून दिली. मला वाटलं झालं काम. अर्ज म्हणजे एफआयआर नव्हे, हे डोक्यात पक्कं कोरून ठेवा. अर्जाला नंबर मिळतो आणि तो फायलीत झोपतो. मग गणपतीचा बंदोबस्त आला, साहेब मंडळांच्या मीटिंगला. गणपती गेले, मग नवरात्र. ऑक्टोबरात विधानसभेची आचारसंहिता लागली, साहेब निवडणुकीच्या ड्युटीवर. माणूस ठाण्यात गेला की त्याने विचारायचं तरी काय, कोणता सण चालू आहे?

आणि यातला कळस ऐका. एकदा बाकावर बसलो होतो तर आतून एकजण आला. "तुम्ही ते फोटोवाले ना? आपल्या एका हवालदारांची रिटायरमेंट आहे, चार फोटो काढून द्या की." मी म्हटलं, साहेब, कॅमेरा चोरीला गेलाय म्हणून तर इथं बसलोय. "मग मोबाईलवर काढा की." काढले. फ्रेम करूनही दिली, १२ बाय १८, लॅमिनेशनसकट. ६५० रुपये माझ्या खिशातले. ते धरले तर आकडा ४,०७,६५०.

एका वकील मित्राने जे सांगितलं ते सगळ्यांनी ऐकून ठेवा. विश्वासाने ताब्यात दिलेली वस्तू हडप करणं हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६. खोटी ओळख दाखवून माल काढून घेणं ही फसवणूक, कलम ३१८. जुन्या दंड संहितेतले ४०६ आणि ४२०. "दिवाणी बाब" म्हणून हाकलत असतील तर ही कलमं तक्रारीत लिहूनच न्या. नवी नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे, तिच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कोणतीही असो, तक्रार घ्यावीच लागते. प्राथमिक चौकशी करायची म्हणाले तर तिलाही १४ दिवसांची मुदत आहे आणि वरिष्ठांची परवानगी लागते. नाहीच घेतली तर सगळं लिहून पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवायचं, पुढची पायरी मॅजिस्ट्रेट. मी रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं, तेव्हा कुठे ठाण्यातून स्वतःहून फोन आला. गुन्हा दाखल झाला. तोवर तुळशीचं लग्न होऊन गेलं होतं, सराई तोंडावर आणि मी दुसऱ्याची बॉडी भाड्याने घेऊन ऑर्डरी मारत होतो.

विम्याची तर बोलायची सोय नाही. दुकानाची पॉलिसी होती, त्यात चोरीही होती. पण चोरी म्हणजे कुलूप तोडून, शटर उचकटून. भाड्याने दिलेली वस्तू परत आली नाही तर ते त्यांच्या चोरीत बसत नाही. एजंटाने पॉलिसी गळ्यात मारताना हे सांगितलं होतं का? आता म्हणतो, "अटींमध्ये लिहिलेलं आहे, सर." तुमची काढा आणि आजच वाचा. भाड्याने देत असाल तर तसं कव्हर लेखी मागून घ्या.

मोबाईल हरवला तर सरकारचं सीईआयआर पोर्टल आहे, आयएमईआय टाकून दहा हजारांचा फोन बंद करता येतो. दोन लाखांच्या कॅमेऱ्यासाठी असं काही नाही. बऱ्याच कॅमेऱ्यांत फोटोच्या एक्झिफमध्ये, म्हणजे फोटोच्या फाइलमध्ये दडलेल्या माहितीत, बॉडीचा सिरियल नंबर उतरतो हे खरं, पण व्हॉट्सअॅप-इन्स्टावर टाकताना ती माहिती पुसली जाते. तरी नंबर टिपून ठेवा, बॉडीचा, लेन्सचा, फ्लॅशचा, प्रत्येकाचा. माझ्या एफआयआरमध्ये फ्लॅशचा नंबर नाही, कारण तो फक्त बॉक्सवर होता आणि बॉक्स कुठे आहे ते तुम्हाला माहीतच आहे.

आता मी कुणाला काही देत नाही. द्यायचंच झालं तर सोबत माझा पोरगा जाईल, त्याचा रोज वेगळा. ज्याला जमत नाही त्याने दुसरीकडे बघावं.

आणि ज्यांनी ऑगस्ट २०२४ नंतर पुणे, सातारा, कोल्हापूर पट्ट्यात बॉक्स-बिलासकट ए७ फोर "अर्जंट विकणे आहे" म्हणून दीड लाखाच्या आत घेतला असेल, त्यांनी बिलावरचं नाव नीट बघा. खाडाखोड केलेली दिसेल, कारण मूळ नाव माझं आहे. असा माल माहीत असून जवळ ठेवणं हासुद्धा गुन्हा आहे, कलम ३१७. ग्रिपच्या आतल्या बाजूला, बोट टेकतं तिथं, हळदीच्या कार्यक्रमातला पिवळा डाग आहे. तो कशानेही जात नाही, मी सगळं करून पाहिलंय. तो डाग दिसला तर सातारा जिल्ह्यातल्या कुठल्याही पोलीस ठाण्यात आणून द्या. बॉक्सही आणा.