दूरचा स्पर्श हातापर्यंत: कंपन, थेट बल की प्रतिकृती?

दूरच्या यंत्राच्या बोटांना जे लागतं ते आपल्या हाताला कळावं, यासाठी तीन वाटा आहेत. नुसती कंपनं पाठवायची, बल थेट पाठवायचं, किंवा दूरच्या वस्तूची प्रतिकृती आपल्याच संगणकात ठेवून तिला हात लावायचा. लोक आधी नेटवर्कचा वेग विचारतात. मी आधी अंतर विचारेन, मग समोरची वस्तू हलते का ते.

थेट बलात स्पर्श सगळ्यात खरा. तुमच्या हाताची हालचाल तिकडे जाते आणि तिकडचा विरोध इकडे येतो, सेकंदाला साधारण 1000 वेळा. पण उशीर त्याला खपत नाही. समजा, तिकडचा हात पोलादी पत्र्याला टेकला. ती खबर येईपर्यंत तुमचा हात आणखी पुढे गेलेला असतो. मग बल एकदम येऊन हात मागे ढकलतं. तिकडे पत्रा सुटला तरी इकडचं ढकलणं थांबलेलं नसतं. दोन-तीन हेलकाव्यांत तुमच्या हातातला नियंत्रणाचा दांडा थडथडायला लागतो.

म्हणूनच आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या 2014 च्या अहवालात 1 मिलिसेकंदाचं लक्ष्य आलं. काचेच्या तंतूत प्रकाश तेवढ्या वेळात सुमारे 200 किलोमीटर जातो. जाऊन-येऊन धरलं तर 100, आणि तेही बाकी कशालाच वेळ लागला नाही तर. फाइव्ह-जीचा गाजलेला 1 मिलिसेकंद हा फक्त रेडिओच्या टप्प्याचा आहे, हे खरेदीआधी ध्यानात घ्या. उशीर असूनही थडथड रोखणाऱ्या नियंत्रणपद्धती आहेत, पण त्यांत पोलादसुद्धा रबरासारखं मऊ लागतं. हाताला हे फसवणं मला फार खटकतं.

डोळे मात्र बरंच सांभाळून घेतात. 2001 मध्ये न्यूयॉर्कमधून स्ट्रासबर्गच्या रुग्णाचं पित्ताशय काढलं, तेव्हा उशीर सुमारे 155 मिलिसेकंदांचा होता. शल्यविशारदाला चित्र दिसत होतं. बल हातापर्यंत येत नव्हतं.

कंपनं एकाच दिशेने येतात, त्यामुळे उशिराने यंत्र बिथरत नाही. त्वचा 250 हर्ट्‌झच्या आसपास सर्वात तल्लख असते. खरखरीतपणा, टेकल्याचा ठोका छान कळतो. वजन आणि कडकपणा कळत नाही. बहुतेक कामांना मी हीच वाट सुचवेन.

प्रतिकृती लांबच्या, जागच्या जागी राहणाऱ्या वस्तूंसाठी: झडप, भिंत, बसवलेलं यंत्र. स्पर्श जवळच घडतो, नेटवर्कवरून फक्त आकार आणि कडकपणाच्या दुरुस्त्या येतात. श्वासाबरोबर हलणाऱ्या ऊतीवर मात्र ती मागे पडते, आणि दुरुस्ती आली की हाताला हिसका बसतो.

थेट बलच हवं असेल, तर सरासरी उशिरावर जाऊ नका. तो किती वरखाली होतो ते मागा. नेटवर्कवरून माहिती छोट्या तुकड्यांत, म्हणजे पाकिटांत येते; ती पाकिटं नियमित पोचावीत म्हणून सगळ्यात उशिरा येणाऱ्या पाकिटाइतकं थांबावं लागतं. आणि चाचणी स्पंजवर नको, पोलादी पत्र्यावर घ्या.