मायक्रोटिक हेक्स आणि आमचं औषधांचं घाऊक दुकान : वर्षभर वापरल्यानंतर

आधी निकाल सांगते, म्हणजे घाईत असणाऱ्यांना पुढचं वाचायला नको. पाच-सहा कॉम्प्युटर, दोन-तीन प्रिंटर, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा एक डीव्हीआर आणि मागे गोडाऊन असा पसारा असेल, आणि रात्री दुकान बंद झाल्यावर डोकं घालून बसायला एक माणूस तयार असेल, तर मायक्रोटिकचा हेक्स हा राउटर बेलाशक घ्या. तसा माणूस नसेल तर घेऊ नका. हा डबा स्वतःच्या मनाने काही करत नाही. सांगाल तेवढंच करतो, आणि उलटंपालटं सांगितलं तर तेही इमानेइतबारे करतो.

आमचा सांगलीत औषधांच्या घाऊक विक्रीचा धंदा. उलाढाल पाच कोटींच्या वर, त्यामुळे १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस आमच्या गळ्यात पडलं. म्हणजे जीएसटी नंबर असलेल्या मेडिकलवाल्याला बिल द्यायचं, तर आधी सरकारी पोर्टलवरून आयआरएन, म्हणजे त्या बिलाचा नोंदणी क्रमांक, यायला हवा. पूर्वी नेट गेलं तर मेल अडायचा. आता नेट गेलं की बिल अडतं, बिल अडलं की टेम्पो अडतो, आणि टेम्पोवाला काउंटरवर येऊन उभा राहतो.

अशा वेळी पोरं काय करतात? मोबाईलचा हॉटस्पॉट लावतात. ज्या मोबाईलवर दिवसभर काय काय डाउनलोड झालंय ते देव जाणे, त्याच्याच नेटवर बिलिंगचा कॉम्प्युटर चालतो. नाहीतर पेन ड्राइव्हवर फाइल घेऊन शेजारच्या दुकानात पळतात. त्यांना बोलून उपयोग नाही, गिऱ्हाईक समोर उभं असतं. म्हणून मी फायरवॉल, पासवर्ड यांच्या नादाला आधी लागलेच नाही. नेट पडू नये, इथून सुरुवात केली. नेट टिकलं की आडवाटा आपोआप बंद होतात, असं माझं मत होतं आणि वर्षभरानंतर ते पक्कं झालंय.

तर दोन लाईनी घेतल्या. एक मोठ्या कंपनीची फायबर, दुसरी गल्लीतल्या केबलवाल्याची. दोन्ही हेक्समध्ये. पहिली गेली तर दुसरी उचलणार, हे सगळेच राउटर सांगतात, पण खरी गोम वेगळीच आहे. नेहमीच्या सेटिंगमध्ये राउटर फक्त पुढच्या पायरीला ‘आहेस का’ विचारतो. ती पायरी म्हणजे आपल्याच फळीवरचा फायबरचा डबा. रस्त्यावर जेसीबीने फायबर तोडली तरी तो डबा ‘आहे, आहे’ म्हणत राहतो, कारण तो खरंच आहे. राउटरला वाटतं लाईन ठणठणीत, आणि इकडे सगळे बोंबलतायत. त्यावर उपाय असा, की प्रत्येक लाईनीतून लांबचा एखादा पत्ता तपासायचा, उदाहरणार्थ १.१.१.१ किंवा ८.८.८.८, आणि तो मिळाला तरच ती लाईन जिवंत धरायची. मायक्रोटिकमध्ये याला रिकर्सिव्ह रूट म्हणतात. राउटर दर दहा सेकंदांनी विचारतो, दोनदा उत्तर आलं नाही की लाईन बदलतो. म्हणजे वीसेक सेकंदांचा खोळंबा. नेटबँकिंग उघडं असेल तर पुन्हा लॉगिन करावं लागतं, कारण बाहेरून आपला पत्ता बदललेला दिसतो. बाकी काउंटरवर कुणाला कळतही नाही. माझ्या मते सगळे पैसे या एका गोष्टीतच वसूल झाले.

विजेचं थोडक्यात. हेक्स ८ ते ३० व्होल्टवर चालतो, त्यामुळे बाजारात मिळणारा १२ व्होल्टचा मिनी यूपीएस त्याला चालतो, आणि फायबरच्या डब्यालाही तसाच एक लावलाय. दुकानात इन्व्हर्टर असेल तर त्यावर ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ असं बटण असतं का ते बघून घ्या. नॉर्मलवर असेल तर वीज गेल्यावर बदल व्हायला जरा वेळ लागतो आणि तेवढ्यात कॉम्प्युटर बसतात. बिल सेव्ह होताना कॉम्प्युटर बसला की डेटा फाइल बिघडते, आणि ती दुरुस्त करून घेण्यात अख्खी दुपार जाते.

आता सुरक्षेकडे येते. पूर्वी सगळं एकाच जाळ्यात होतं : बिलिंग, प्रिंटर, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, डिलिव्हरीच्या पोरांचे मोबाईल, आणि ‘मॅडम, वाय-फाय द्या की’ म्हणणारे औषध कंपन्यांचे एमआर. आता व्हीलॅन करून, म्हणजे त्याच वायरींवर वेगवेगळी जाळी आखून, तीन वेगळे भाग केलेत. बिलिंग एकीकडे, कॅमेरे दुसरीकडे, मोबाईल तिसरीकडे. मोबाईलवाल्यांना नेट मिळतं, पण बिलिंगचा सर्व्हर दिसत नाही. डीव्हीआरला तर बाहेरचं नेटच नाही. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने कॅमेरे, डीव्हीआर आणि घरगुती राउटर कंपनीच्या मूळ पासवर्डनेच ताब्यात घेतले होते, आणि त्यांच्या जोरावर २१ ऑक्टोबरला वेबसाइटचे पत्ते शोधून देणाऱ्या डिन या कंपनीवर असा मारा झाला की अमेरिकेत मोठमोठ्या वेबसाइट बंद पडल्या. आपल्याकडे डीव्हीआर बसवणारा माणूस पासवर्ड काय ठेवतो हे सगळ्यांना ठाऊक आहे.

यावर घरात काकांचा आणि माझा जो संवाद झाला तो असा.

‘‘अगं, घरून कॅमेरे दिसेनात की.’’

‘‘काका, मीच बंद केलंय ते. तुमच्या फोनवर एक बटण दिलंय, ते आधी दाबायचं आणि मग बघायचं.’’

‘‘आधी बटण नव्हतं.’’

‘‘म्हणूनच आता आहे.’’

ते बटण म्हणजे वायरगार्ड. फोनपासून दुकानापर्यंत कुलूपबंद बोगदा. तो राउटरऑस, म्हणजे मायक्रोटिकच्या राउटरमधलं सॉफ्टवेअर, त्याच्या सातव्या आवृत्तीपासून राउटरमध्येच येतो, वेगळे पैसे नाहीत. एक अडचण मात्र आहे. बऱ्याच फायबर जोडण्यांवर आपल्याला स्वतंत्र सार्वजनिक आयपी मिळत नाही, तो अनेक गिऱ्हाइकांत वाटलेला असतो, आणि मग बाहेरून आत येता येत नाही. मी महिन्याला जादा पैसे भरून स्टॅटिक, म्हणजे आपला स्वतःचा न बदलणारा आयपी घेतला. मायक्रोटिकच्या आर्म चिपवाल्या नव्या राउटरवर ‘बॅक टू होम’ नावाची सोय आहे, ती अशा आयपीशिवायही चालते. माझा जुन्या चिपचा हेक्स आहे, त्यावर ती नाही. आज घेणाऱ्याने आर्म चिप आहे का ते बघूनच घ्यावं.

वायरगार्ड आल्यावर आणखी एक भोक बुजलं. बिलिंग सॉफ्टवेअरच्या सपोर्टवाल्या मुलाने कधीकाळी जुन्या राउटरवर रिमोट डेस्कटॉपचा, म्हणजे लांबून कॉम्प्युटर चालवायचा, ३३८९ हा पोर्ट (नेटवरचं दारच ते) थेट बाहेर उघडून ठेवला होता. नव्या राउटरवर तो उघडला नाही, आणि त्यावर बाहेरून येणाऱ्या थापा लॉगमध्ये, म्हणजे राउटरच्या नोंदवहीत, दिसतील असं केलं. रात्रभर कोण कोण दार वाजवत असतं ते वाचून झोप उडते. या सपोर्टवाल्यांचा एक आवडता मंत्र आहे : सॉफ्टवेअर चालत नाही? फायरवॉल बंद करा. प्रिंटर दिसत नाही? फायरवॉल बंद करा, अँटिव्हायरस काढा. आता मी फोनवरच विचारते, ‘‘कुठला पोर्ट हवाय तेवढं सांगा.’’ पलीकडे शांतता पसरते.

लॉगचा दुसरा फायदा महिनाअखेरीला कळला. स्टॉक मोजणी चालू होती आणि दोन नंबरच्या काउंटरचं बिलिंग थांबलं. काउंटरखालच्या छोट्या स्विचचे सगळे दिवे एका तालात फडफडत होते. राउटरच्या लॉगमध्ये त्या पोर्टच्या नावापुढे लिहिलं होतं की माझ्याच पत्त्याचं डेटाचं पाकीट मलाच परत आलंय, बहुधा लूप आहे. वाकून बघितलं तर एकाच वायरची दोन्ही टोकं त्याच स्विचात. झाडणाऱ्या पोराने वायर लोंबताना बघितली आणि ‘लावून टाकली’. पूर्वी अशा वेळी अख्खं दुकान बसायचं आणि सगळ्या वायरी एकेक करून उपसाव्या लागायच्या. या वेळी राउटरने तेवढाच पोर्ट अडवला, बाकीचे काउंटर चालू राहिले. लॉग राउटरच्या मेमरीत असतो आणि रीस्टार्टला पुसला जातो, म्हणून तो नासवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या फाइली साठवायच्या डब्यावर, पाठवायची सोय करून ठेवा.

आता जरा कडू. हेक्समध्ये वाय-फाय नाही, त्यासाठी अॅक्सेस पॉइंट वेगळा घ्यावा लागतो. व्हायरस ओळखणारं यात काही नाही. मी डीएनएस, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी सेवा, ९.९.९.९ ठेवलीय, त्यामुळे माहीत असलेल्या फसव्या पत्त्यांना अटकाव होतो, पण कुणी मेलमधलं खोटं ‘पेमेंट अॅडव्हाइस’ उघडलं तर राउटर काय करणार? आणि अपडेट तुम्हीच करायचं. २०१८ मध्ये याच कंपनीच्या विनबॉक्समध्ये, म्हणजे राउटरची सेटिंग करायच्या प्रोग्रॅममध्ये, पासवर्ड पळवता येईल असं भोक सापडलं होतं. दुरुस्ती एप्रिलमध्येच आली, तरी पुढचे कित्येक महिने अपडेट न केलेल्या, लाखांच्या घरातल्या राउटरवर चोरून क्रिप्टोचं मायनिंग चालू होतं. त्यामुळे विनबॉक्स बाहेरून कधीच उघडा ठेवू नये, आणि महिन्यातून एकदा रविवारी अपडेट बघावं. आधी सेटिंगची प्रत काढून घ्यायची. राउटरऑस झाल्यावर राउटरबोर्डचं, म्हणजे खुद्द डब्याचं, फर्मवेअर वेगळं अपग्रेड करून पुन्हा रीस्टार्ट द्यावा लागतो. हे दुसरं पाऊल बहुतेक जण गाळतात.

कॉम्प्युटरचंही तेच. विंडोज १० चा कंपनीकडून मिळणारा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आमचे दोन जुने कॉम्प्युटर ११ वर जाण्यातले नव्हते, ते बिलिंगमधून काढून बदलले. हा खर्च राउटरपेक्षा कितीतरी मोठा होता, पण सुटका नव्हती.

बॅकअपबद्दल मात्र जरा सविस्तर, कारण सांगलीत हा विषय पाण्याशी जोडलेला आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा बाजारपेठेतल्या कितीतरी दुकानांत कॉम्प्युटर आणि बॅकअपची हार्ड डिस्क एकाच टेबलासकट बुडाली. बॅकअप होता, पण त्याच खोलीत. आमची आता एक प्रत दुकानात वरच्या मजल्यावर नासवर, आणि एक मिरजेला मावशीच्या घरी दुसऱ्या मजल्यावर, वायरगार्डमधून जाणारी. सर्व्हरला नासचा पासवर्ड माहीत नाही. नास स्वतः येऊन फाइली उचलतो. रॅन्समवेअर, म्हणजे फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस, कॉम्प्युटरवर शिरलं की जोडलेल्या सगळ्या ड्राइव्हवर हात मारतं, म्हणून ड्राइव्ह जोडलेलाच नको. वर नासवर स्नॅपशॉट, म्हणजे त्या त्या वेळच्या फाइलींच्या जपलेल्या प्रती, आहेत, त्यामुळे बिघडलेली फाइल उचलली गेली तरी परवाची शाबूत राहते.

मिरजेची प्रत मध्येच येईनाशी झाली. रोज येणारा ‘झालं’ असा मेल आला नाही म्हणून कळलं. मावशी झोपताना वाय-फायचं बटण बंद करायची, वीज वाचावी म्हणून. तिला न दुखावता बॅकअपची वेळ दुपारी दोनची केली. तेव्हा दुकानही जेवायला बंद असतं. महिन्यातून एकदा त्या प्रतीवरून माझ्या लॅपटॉपवर डेटा उघडते, आदल्या दिवसाचं शेवटचं बिल बॅच नंबरसकट जुळतं का बघते. एवढं केलं नाही तर बॅकअप आहे असं म्हणू नये.

पोर्टलचंही एक सांगून टाकते. १ एप्रिल २०२५ पासून माल वाहतुकीच्या ई-वे बिलाच्या आणि ई-इनव्हॉइसच्या लॉगिनला सगळ्यांनाच ओटीपी लागतो. अनेक दुकानांत अजूनही एकच लॉगिन सगळे वापरतात आणि ओटीपी मालकाच्या फोनवर, मालक लग्नाला कोल्हापुरात. सब-युझर करून प्रत्येकाला त्याचं लॉगिन द्या. माणूस काम सोडून गेला की त्याचं तेवढंच बंद करता येतं.

खर्च विचाराल तर राउटर साडेपाच हजारांच्या आसपास पडला, अॅक्सेस पॉइंट आणि मिनी यूपीएस त्याहून थोडे जास्त, नास सगळ्यात महाग. दोन कॉम्प्युटरचं दुकान असेल तर यातलं फक्त यूपीएस आणि दुकानाबाहेरचा बॅकअप करा, फायबरच्या डब्याचा मूळ पासवर्ड बदला, पुरे आहे.

आमचं एक काम राहिलंय. मागच्या गोडाऊनला जाणारी लॅन वायर उघड्या अंगणावरून जाते आणि तांब्याची आहे. वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली की अशा वायरीतून दोन्ही टोकांचे पोर्ट जळतात. तिथे फायबर टाकायची आहे. कोटेशन टेबलावर आहे, काका अजून ‘बघू’ म्हणतायत.