गाडी विकल्यानंतरचे आठ महिने: पुण्याहून रेल्वेने केलेली भटकंती

गेल्या जुलैत आम्ही घरची मोटार विकली. वर्षभरात ती मंडई आणि दवाखाना यांपलीकडे फारशी गेलीच नव्हती. तेव्हापासून यजमान आणि मी जुनी गावे, लेणी आणि घाट पाहायला रेल्वेनेच जातो. आतापर्यंत 19 फेऱ्या झाल्या. या काळात एक गोष्ट पुरती पटली आहे. खरा प्रश्न गाडीत जागा मिळण्याचा नसून स्टेशनापासून गावापर्यंतच्या वाटेचा असतो, आणि ती वाट आधी नीट समजून घेतली तर मोटारीची उणीव भासत नाही.

रुळांनी चढ टाळत आपला मार्ग काढला आणि गावे मात्र होती तिथेच राहिली, म्हणून स्टेशनाच्या नावावर विसंबून चालत नाही. देहूरोडला उतरल्यावरही देहूगाव काही किलोमीटर उरते. सासवड रोड हे स्टेशन फुरसुंगीच्या अलीकडे, तर सासवड दिवे घाटाच्या पलीकडे. मिरज मार्गावरचे आळंदी स्टेशन तर माउलींचे नव्हेच. देवाच्या आळंदीला रेल्वे जात नाही.

आमची सर्वाधिक आवडती फेरी मळवलीची. लोणावळा लोकलने तिथे उतरावे, द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडावा आणि शेतांच्या कडेने भाजे गावाकडे चालत जावे. पहिल्या खेपेस आम्ही घाईने लेणी पाहून बाराच्या सुमारास खाली उतरलो. दुपारी लोकल विरळ असतात हे वेळापत्रकात पाहिलेच नव्हते, त्यामुळे अडीच तास बाकावर काढावे लागले. त्यानंतर मात्र आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून नेतो आणि दुपार लेण्यांतच घालवतो. लेण्यांचे तोंड पश्चिमेला असल्यामुळे सकाळी चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेले प्रार्थनेचे दालन, सावलीत असते आणि दुपार कलल्यावर ऊन आत शिरू लागते. तेव्हा दिसते की दोन्ही बाजूंचे अष्टकोनी खांब सरळ उभे नाहीत, ते किंचित आत कललेले आहेत. लाकडी इमारतीत छताचा भार पेलण्यासाठी खांब असे तिरके रोवत असत; दगडात त्याची गरज नव्हती, तरी कारागिरांचा हात जुन्या सवयीने चालला. छताला लाकडी फासळ्या आजही आहेत. ही 22 लेणी खोदायला इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकात आरंभ झाला. जवळच्या पाण्याच्या टाक्यावर विण्हुदत नावाच्या महारठीच्या, म्हणजे त्या काळच्या एका सरदाराच्या, दानाचा ब्राह्मी लेख आहे, आणि त्यातला 'महारठी' हा शब्द वाचताना माझे मन दर वेळी भरून येते. मोटार खाली उभी असती तर आम्ही अर्ध्या तासात निघालो असतो, याची मला खात्री आहे.

मिरजेकडचा मार्ग निराळा. शिंदवणे घाट चढून गाडी जेजुरीला येते आणि पुढची वाल्हे, नीरा, लोणंद ही स्टेशने म्हणजे माउलींच्या पालखीची वाट. ज्या नदीत पादुकांना स्नान घालतात तिच्यावरून गाडी जाते तेव्हा डब्यातली वयस्कर मंडळी आजही हात जोडतात. जेजुरीला रविवार आणि सोमवती टाळून गेलात तर पायऱ्या निवांत चढता येतात. परतीच्या तिकिटावर भंडाऱ्याने माखलेल्या बोटांचे पिवळे ठसे उमटले होते. ते तिकीट मी जपून ठेवले आहे.

साताऱ्याचे स्टेशन शहरात नाही, माहुलीच्या बाजूला आहे, आणि बहुतेक प्रवासी तिथून थेट शहराकडे धावतात. आम्ही रिक्षाने आधी कृष्णा-वेण्णेच्या संगमावर गेलो. छत्रपती शाहू महाराज आणि महाराणी ताराबाई यांच्या समाध्या तिथे आहेत. रिक्षावाले दादा म्हणाले, "मावशी, इथून परत जायला वडाप मिळायचं नाही. मी तासाभरात येतो." ते बोलल्याप्रमाणे आले आणि ठरले होते तेवढेच पैसे त्यांनी घेतले. त्या तासात घाटाच्या पायऱ्यांवर आम्हा दोघांशिवाय फक्त कपडे धुणाऱ्या दोन बाया होत्या.

मर्यादाही सांगायला हव्यात. राजगड किंवा पुरंदर यांच्यासाठी रेल्वेचा काहीच उपयोग नाही. तिथे एसटी आणि पुढे मिळेल ते वाहन घ्यावे लागते. वाईला जायचे तर वाठार स्टेशनावरून पुढे सुमारे 30 किलोमीटर रस्त्याने जावे लागते, म्हणून एका दिवसात परतण्याचा हट्ट धरू नये. आम्ही तो एकदा धरला, वाईचा ढोल्या गणपती पाहून धावतपळत स्टेशन गाठले आणि वाईजवळची मेणवली राहून गेली. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेनंतर आलेली पोर्तुगीज घंटा तिथल्या घाटावर आहे. तिच्यासाठी येत्या महिन्यात दोन रात्रींच्या मुक्कामाची पिशवी भरून आम्ही पुन्हा वाठारला उतरणार आहोत.