आठ वाट्यांचं विमान, सतरा वाटेकरी

विमान खरं होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण ज्याला सांगावं तो हसतो आणि विचारतो, 'विमान कोण घेतं असं?' ही दामदुप्पट योजना नव्हती की कागदावरचा प्लॉट नव्हता. पांढरं, निळ्या पट्ट्याचं सेस्ना १५२, म्हणजे दोन माणसांचं छोटं विमान, घाटापलीकडच्या एका धावपट्टीवर हँगरमध्ये उभं होतं. पंखाला हात लावला, मुलगी आत जाऊन बसली, फोटो काढले. डोळ्यांनी बघून, हाताने चाचपून पैसे दिले आणि तरी ते बुडाले.

मुलीला वैमानिक व्हायचंय. कमर्शियल लायसन्सला २०० तासांचं उड्डाण लागतं, आणि तासाचा जो दर सांगतात तो औषधाच्या दुकानातून निघत नाही. अशा वेळी हे 'कॅप्टन' भेटले. पणजीत मांडवीकाठी कॉफी, इस्त्रीचा पांढरा शर्ट, गोड बोलणं. आठ जणांत एक विमान, वाटा ४,७५,००० रुपये, पुढे तासाला फक्त इंधनाचा खर्च. असे क्लब जगभर चालतात, त्यात खोटं काही नाही. मी विचारलं, गोव्यात का नाही ठेवत? 'भाऊ, दाबोळीचा विमानतळ नौदलाचा. मोपाच्या विमानतळावर मोठ्या विमानांची गर्दी. आपल्या टिचभर विमानाला तिथे कोण विचारतो?' पटलं. तुम्हालाही पटलं असतं.

टोकन २५,००० रोख. उरलेले ४,५०,००० आरटीजीएसने. महिनाभरात 'इंजिन फंड' म्हणून ६०,०००, कारण इंजिनाचं ओव्हरहॉल, म्हणजे पूर्ण खोलून दुरुस्ती, जवळ आलंय. मी चौकशी केली, तर या विमानाच्या इंजिनाला खरंच २४०० तासांनी ओव्हरहॉल सांगितलेलं असतं. त्याची अर्धी वाक्यं अशी खरी निघायची, म्हणून उरलेली खपत गेली. वर हँगरचं भाडं महिना ७,५००, चार महिने. एकूण ५,६५,०००. पावती फक्त बँकेची, आणि खातं क्लबचं नव्हे, कसल्याशा 'एंटरप्रायझेस'चं. क्लबच्या नावाने पैसे मागणाऱ्याकडे क्लबच्या नावाचं खातं नसेल तर कॉफी पिऊन घरी या.

आता तो क्षण, जो रात्री डोळ्यांसमोरून हलत नाही. डाव्या पंखाखाली एक बारीक नळी पुढे आलेली असते. हवेचा वेग मोजणारी, पिटो म्हणतात. विमान 'गेल्याच रविवारी उडालं' असं कॅप्टन सांगत होते, आणि मुलीने त्या नळीच्या तोंडावर नख खरवडलं. माती होती. कुंभारीण माशीने घर केलेलं. नळी बुजली तर वेगाचा काटा भलतंच काही दाखवतो, हे पोरीला अभ्यासात शिकवलेलं. तिने माझ्याकडे बघितलं. कॅप्टन हसले, 'एका दिवसात घर करते ती, म्हणून तर कव्हर घालायचं असतं.' हेही खरंच आहे! पण त्या मातीला आरपार भोक होतं. म्हणजे आत अळी वाढली, तिची माशी झाली आणि ती बाहेर पडून गेली. याला आठवडे लागतात. त्या विमानातून तेवढंच एक उड्डाण झालं होतं. मी मुलीला खुणेने गप्प केलं, कारण समोर वयाने-मानाने मोठी माणसं बसली होती. चारचौघांत संशय घ्यायचा नाही, हे आपल्याकडे घरोघरी शिकवतात. त्याचा दोष माझ्या एकट्याच्या माथी का?

'१९९८ चं मॉडेल' असंही तो कॅप्टन म्हणाला होता. सेस्नाने १५२ बनवणं १९८५ सालीच थांबवलं. पण हे औषधविक्रेत्याला कुठून ठाऊक असणार?

नोंदणीच्या कागदाचा फोटो व्हॉट्सअॅपवर आला तेव्हा मालकाच्या नावाच्या ओळीवर त्याचा अंगठा होता. व्हीटीने सुरू होणारा नंबर शेपटीजवळ लिहिलेलाच असतो. तो घेऊन डीजीसीएच्या, म्हणजे सरकारच्या विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, नोंदवहीत मालक बघा, मूळ प्रमाणपत्र हातात घ्या, लॉगबुकातली शेवटची तारीख बघा. आणि खासगी नोंदणीच्या विमानावर पैसे घेऊन शिकवता येत नाही. शिकायचं तर मान्यताप्राप्त संस्थेतच. 'पोरीचे तास आपल्याकडेच भरू' हे त्याचं वाक्यच मुळात लबाड होतं.

शेवटी हँगरच्या राखणदाराने सांगितलं. विमान भलत्याच कंपनीचं, वादात अडकलेलं. 'ते साहेब पार्टीला विमान दाखवायला यायचे, चहापाण्याचे देऊन जायचे.' आमच्या ५,६५,००० मधला तो चहा.

पोलिसांचं काय सांगू? आमच्याकडे म्हणाले, 'विमान महाराष्ट्रात ना? मग तिकडे जा.' घाट चढून तिकडे गेलो. 'पैसे गोव्यातून गेले ना? मग तिथेच द्या.' १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं की हद्द नसली तरी दखलपात्र गुन्ह्याची खबर घ्यावी लागते. ते कलम छापून नेलं. अंमलदाराने कागद उलटा-सुलटा केला आणि विचारलं, 'तुम्हाला विमान पाहिजे की पैसे?' मागच्या बाकावरचे दोघे खो खो हसले. मग साहेब आले, 'हा दिवाणी मामला, वकील बघा.' मग दुसरे साहेब, 'तुम्ही शिकलेले लोक असे कसे?' अहो, शिकलेल्यांनाच तर विमान दाखवतात! अशिक्षिताला कोण हँगरमध्ये नेतो? बँकेत गेलो तर खातेदाराची माहिती गोपनीय. माझे साडेचार लाख त्या खात्यात गेले तेव्हा कुणाला काही गोपनीय वाटलं नाही. अर्जावर पोच घेतल्याशिवाय ठाण्याच्या बाहेर पाऊल टाकू नका. पहिला अर्ज 'सापडत नाही' म्हणून आम्हाला पुन्हा लिहावा लागला.

आठ वाट्यांच्या विमानाचे आतापर्यंत सतरा वाटेकरी सापडलेत, पेडण्यापासून काणकोणपर्यंत. ज्यांनी त्याच खात्यात भरले असतील त्यांनी आरटीजीएसच्या पावत्या शोधून ठेवा, मेसेज उडवू नका आणि एकत्र तक्रारीवर सही करायला या. दोघांनी नकार दिलाय. एकाच्या बायकोला अजून पत्ता नाही. दुसरा म्हणतो, कॅप्टनशी कालच बोलणं झालं, विमान दुरुस्तीला गेलंय. तो अजून महिन्याला ७,५०० भरतोय.